चित्राखाली नाव लिहा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते व्हिएन्नाच्या एका चित्रकार बाईंविषयी. नाव फ्रीडल डिकर-ब्रँडाइस, जन्म १८९८ चा. जर्मनीत वायमारला बाउहाउस ही कलाशाळा निघाली, तेव्हा गुरू योहान्नेस इटेन यांच्यामागोमाग त्याही तिथे गेल्या. पुढे व्हिएन्नात फ्रान्झ सिंगर यांच्यासोबत स्टुडिओ काढून घरांची सजावट, फर्निचर अशी कामं केली. १९३४ साली कम्युनिस्ट म्हणून अटक झाली. सुटल्यावर त्यांनी प्राग गाठलं आणि निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवायला घेतली.

डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांना आणि त्यांचे पती पावेल यांना, ज्यू म्हणून, चेक भागातल्या तेरेझिनच्या छावणीत धाडलं. सोबत नेता येणारं सामान मोजकंच. बाईंनी त्यात जमेल तेवढे कागद आणि रंग भरले.

तिथल्या मुलींच्या वसतिगृहात त्यांचा वर्ग भरायचा. रीत इटेन यांचीच: आधी तालावर रेघा ओढून हात मोकळा करायचा, विषय नंतर. कागद संपला की कचेरीतले वापरलेले फॉर्म उलटे करायचे, त्यांच्यावर कपटे चिकटवून चित्र जुळवायचं. मुलं घरं काढत, फुलं काढत, कधी छावणीतल्या मजली खाटा. आणि प्रत्येकानं चित्रावर आपलं नाव लिहायचंच, हा बाईंचा आग्रह. छावणीच्या दप्तरात त्याच मुलांना क्रमांक दिलेले होते, हे लक्षात घ्या.

हा वर्ग म्हणजे मुलांचं मन रमवणं, असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. १९४३ साली छावणीतच त्यांनी मुलांच्या चित्रांवर व्याख्यान दिलं. मोठ्यांनी आपली आवड मुलांवर लादू नये, हे त्यांचं ठाम मत होतं. हा विचार मुरलेल्या शिक्षिकेचा आहे.

१९४४ च्या शरदात पावेल यांना ऑशवित्झच्या मृत्यूछावणीत नेलं. बाईंनी आपणहून पुढच्या गाडीसाठी नाव दिलं. त्याआधी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली. ऑक्टोबरात ऑशवित्झच्याच बिर्केनाऊ या भागात बाईंची हत्या झाली. पावेल मात्र वाचले. चित्रं काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत.

युद्धानंतर त्या सुटकेस प्रागला पोचल्या. आज ती चित्रं तिथल्या ज्यू संग्रहालयात आहेत, आणि खालच्या नावांमुळे कुठलं कुणाचं ते सांगता येतं.

बाईंची एक विद्यार्थिनी, एडिथ क्रेमर, १९३८ मध्येच अमेरिकेला पोचली होती. तिनं न्यूयॉर्कमध्ये मनानं दुखावलेल्या मुलांना चित्रं काढायला शिकवलं. आज आर्ट थेरपीच्या, म्हणजे कलेतून मनावर उपचार करण्याच्या, अभ्यासक्रमांत तिची पुस्तकं वाचली जातात.