टेबल, ढाल आणि भूत

(कॉलेज रोड, संध्याकाळ. लॅपटॉपचा पडदा.)

७ फेब्रुवारी २०२२, क्रेमलिन. टेबलाच्या एका टोकाला पुतिन, दुसऱ्या टोकाला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन. मध्ये सुमारे सहा मीटर पांढरं टेबल. फोटो आला आणि कुणी त्या टेबलावर बॅडमिंटनचं जाळं लावलं.

नाशिकचा हा कलाशाखेचा विद्यार्थी तोच फोटो घेऊन बसलाय. त्याचे हात नीट बघा. आधी टेबलावरची फुलं पुसली. मग आजूबाजूचं दालन कापलं. मॅक्रॉनना अजून मागे सरकवलं. पुतिन यांच्या चेहऱ्याला त्यानं बोटही लावलेलं नाही, तरी माणूस भेदरलेला, सगळ्यांपासून तुटलेला दिसू लागलाच! मॅक्रॉन यांनी रशियन कोरोना चाचणीला नकार दिला, म्हणून हे अंतर राखलं गेलं, अशी बातमी त्याच आठवड्यात आली होती. मीममध्ये तिला जागा नव्हती.

(लॅपटॉपवर दुसरी खिडकी उघडते.)

हा २५ फेब्रुवारीचा व्हिडिओ. रशियाचा युक्रेनवर हल्ला सुरू होऊन दुसरा दिवस. राजधानी कीव्हच्या रस्त्यावर युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की उभे आहेत, मोबाइल त्यांच्याच हातात, मागे सहकारी. आम्ही सगळे इथेच आहोत, एवढंच सांगायचंय. राजकारणात येण्याआधी हा माणूस विनोदी नट होता, टीव्ही मालिकेत राष्ट्राध्यक्षाची भूमिका करायचा. २०१९ मध्ये खराच निवडून आला. कॅमेरा किती जवळ हवा, हे त्याला कुणी शिकवायला नको. नेता हाताच्या अंतरावर आला की बघणारा त्याच्या बाजूनं उभा राहतो. पुढं मीमवाल्यांनी त्याच्या हातात सुपरहिरोची ढाल दिली.

आक्रमण रशियानं केलं, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. म्हणूनच खऱ्या धैर्याला खोट्या चित्राचा टेकू देऊ नये, असं आम्हाला कळकळीनं वाटतं.

(नाशिकजवळच्या ओझरचं आकाश. लढाऊ विमान.)

ओझरला मिग बांधली गेली, सुखोईही. विमानाच्या आवाजानं इथं कुणी मान वर करत नाही. टपरीवरच्या या काकांच्या मोबाइलमध्ये मात्र 'कीव्हचं भूत' अजून जपून ठेवलंय: एकट्यानं रशियन विमानं पाडणारा वैमानिक. त्या व्हिडिओतली दृश्यं कॉम्प्युटर गेममधली. एप्रिल २०२२ अखेर युक्रेनच्या हवाई दलानंच ही दंतकथा असल्याचं सांगितलं.

(युक्रेनमधल्या मारियुपोल शहराची संग्रहित दृश्यं.)

तोवर मारियुपोल उद्ध्वस्त झालं होतं, लाखो माणसं देश सोडून गेली होती.

(पुन्हा टपरी.)

काकांच्या ग्रुपवर भुताचा व्हिडिओ आजही फिरतो. हवाई दलाचा खुलासा तिथं कुणीच टाकलेला नाही.