पतंग चपटा, तरी वर कसा?

[दृश्य: महाल, संक्रांतीची सकाळ. गच्च्यांवर गर्दी.]

आज नागपूर गच्चीवर राहायला गेलंय. महाल, इतवारी, कुठेही मान वर करा. पतंग उडवणारा एक, चक्री धरणारा दुसरा आणि फुकटचा सल्ला देणारे चार: ‘ढील दे बे, ढील!’

त्यातला एक पतंग जरा हातात घेऊ. जुनी शुक्रवारीतून आणलेला. पातळ कागद, बांबूची एक उभी काडी, एक वाकवलेली कमान, बस. वरची बाजू आणि खालची बाजू म्हणजे एकाच कागदाच्या दोन बाजू. लांबी अगदी सारखी.

हे लक्षात ठेवा, कारण आपल्यातल्या अनेकांनी शाळेत भलतंच पाठ केलंय. विमानाच्या पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून लांब. वरच्या हवेला खालच्या हवेबरोबरच मागच्या कडेला पोहोचायचं असतं, म्हणून ती पळते, दाब उतरतो, पंख उचलला जातो. ऐकायला झकास. पण बरोबरच पोहोचायचं, असं हवेनं कबूल केलं कधी? पंखावरून धुराच्या रेघा सोडून पाहिलं, तर वरची हवा आधीच पोहोचलेली दिसते. आणि आपला पतंग? त्याला तर फुगीर पाठच नाही!

वेग वाढला की दाब उतरतो, हे बर्नोलीचं १७३८ सालचं म्हणणं खरंच आहे. ही शर्यत मात्र त्याच्या नावावर उगाच खपवली गेली.

[दृश्य: स्वयंपाकघर. नळ, चमचा.]

चमच्याचा दांडा दोन बोटांत सैल धरा, चमचा लोंबू द्या. आता त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला हळूच टेकवा. वाटतं, पाणी चमच्याला ढकलून देईल. होतं उलटंच: चमचा धारेत ओढला जातो. पाण्याकडे बघा. धार पाठीला चिकटून वळली आणि खालून तिरकी निघाली. चमच्यानं पाण्याला एकीकडे वळवलं, पाण्यानं चमच्याला दुसरीकडे खेचलं. न्यूटनचा तिसरा नियम, भांडी घासता घासता.

[दृश्य: पुन्हा गच्ची.]

पतंगही हेच करतो. वाऱ्यात तिरपा उभा राहून तो हवेला खाली वळवतो. पोटाशी दाब वाढतो, पाठीवर कमी होतो, आणि हवा त्याला वर ढकलते. हेच उत्थापक बल, वैमानिकांच्या भाषेत नुसतं लिफ्ट. दाबातला फरक म्हणा की हवेचं खाली वळणं, हिशेब एकच.

सगळी मदार त्या तिरपेपणावर. म्हणून तर पतंगाला वर आणि खाली भोकं पाडून दोरा बांधताना मुरलेले हात गाठ पुन्हा पुन्हा सोडतात. पतंग फार आडवा राहिला तर नुसता फडफडतो. फार उभा राहिला तर वारा अंगावर घेत मागे रेटला जातो. विमानाच्या पंखाचंही तसंच. साधारण १५ अंशांपर्यंत कोन वाढवला की बल वाढतं. त्यापुढे हवा पाठ सोडते, भोवरे उठतात आणि बल कोसळतं. त्याला स्टॉल म्हणतात.

आणि वारा पडला तर? एकजण पतंग लांब नेऊन सोडतो, दुसरा सपासप दोरा ओढतो. वारा पतंगाकडे येत नाही, तर पतंगच हवेत धावतो. राइट बंधूंनी १९०० साली आपलं ग्लायडर आधी दोरीला बांधून पतंगासारखंच उडवलं होतं.

[दृश्य: मे महिन्याची दुपार. सोनेगावची धावपट्टी, उन्हात थरथरणारी.]

विमान धावपट्टीवर धावतं तेही याचसाठी. फक्त मे महिन्यात त्याचं काम अवघड होतं. जानेवारीच्या गार पहाटे नागपुरातली एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो भरते. पारा ४५ ला टेकला की तीच सुमारे १.०७ किलो. खाली वळवायला हवाच कमी! बल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणून तेवढीच उचल मिळवायला वेग सहा टक्क्यांच्या आसपास जास्त लागतो. त्यात इंजिनाचा जोरही विरळ हवेत घटतो, म्हणजे धाव आणखी लांबते. कूलरपुढे बसून आपण घामाला शिव्या देतो. वैमानिक त्या वेळी वजनाचे आकडे तपासत असतो.

[दृश्य: गच्ची, संध्याकाळ. दोन पतंगांचा पेच.]

‘ओ काट!’

कटलेल्या पतंगाकडे बघा. वारा होता तेवढाच आहे, कागदही तोच. गेला फक्त दोरा. पतंगाला वाऱ्यासमोर तिरपं धरून ठेवणारं कुणी उरलं नाही, म्हणून तो वाऱ्याबरोबरच वाहत, गिरक्या घेत खाली येतोय. पलीकडच्या गल्लीत चार पोरं काटेरी फांदी बांधलेला बांबू घेऊन आधीच धावत सुटलीत.