दारावरची सूचना: नेटवर्क स्विचवरील लॉगिन बॅनर

मित्रहो, नेटवर्क स्विचला, म्हणजे अनेक संगणक एकमेकांशी जोडणाऱ्या उपकरणाला, कन्सोल केबल (थेट जोडणीची तार) लावली किंवा टेलनेट या दुरून जोडणी करण्याच्या जुन्या पद्धतीने जोडणी केली, की पासवर्ड विचारण्याआधी पडद्यावर जो मजकूर उमटतो, त्याला लॉगिन बॅनर म्हणतात. सिस्को कंपनीच्या नव्या कॅटॅलिस्ट स्विचवर असा कोणताही मजकूर भरलेला नसतो. तो आपणच लिहायचा असतो. आज्ञा एका ओळीची असल्याने बहुतेक जण हे काम व्हीलॅन (नेटवर्कचे आभासी विभाग) आणि ट्रंक पोर्ट (अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणारी जोडणी) यांची मांडणी संपल्यावर घाईघाईने उरकतात. माझे म्हणणे एवढेच आहे की हा मजकूर आपल्या सहकाऱ्यांसाठी नसून अनोळखी माणसासाठी असतो, आणि त्यात काय लिहावे व काय गाळावे, हे त्या अनोळखी माणसाकडे पाहूनच ठरवावे.

सिस्कोच्या स्विचवर चालणाऱ्या आयओएस प्रणालीत मुख्यतः तीन बॅनर वापरले जातात. ‘बॅनर एमओटीडी’ सर्वांत आधी दिसतो, त्यानंतर ‘बॅनर लॉगिन’, आणि पासवर्ड बरोबर ठरल्यावर ‘बॅनर एक्झेक’. एमओटीडी म्हणजे ‘मेसेज ऑफ द डे’, आजची सूचना. हे नाव मोठ्या सामायिक संगणकांच्या काळातले असून युनिक्स या संगणक प्रणालीवर ही सूचना आत आलेल्या माणसाला, म्हणजे लॉगिन झाल्यावर दिसते. स्विचवर मात्र हेच नाव दाराबाहेरच्या फलकाला मिळाले, आणि नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. ‘आज रात्री 11 ते 1 देखभाल, कोअर (मुख्य) स्विच बंद राहील’ हा मजकूर एमओटीडीत टाकला, तर तो पासवर्ड नसलेल्यालाही वाचता येतो. असल्या सूचनेची जागा एक्झेक बॅनरमध्ये आहे. ओघात एक जुनी हकिकत सांगतो. अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातील सीटीएसएस या सामायिक संगणक प्रणालीवर 1960च्या दशकात दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली संपादित करत होते, एक आजच्या सूचनेची आणि दुसरी पासवर्डची. संपादकाच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला आजच्या सूचनेच्या जागी सर्वांचे पासवर्ड दिसले. सीटीएसएस उभारणारे फर्नांडो कॉर्बाटो यांनी ट्युरिंग पुरस्कारानिमित्तच्या व्याख्यानात ही गोष्ट स्वतः सांगितली आहे.

आता कायद्याकडे वळू. डिसेंबर 1992मध्ये अमेरिकेतील सीईआरटी या संगणक-सुरक्षा संस्थेने तिथल्या न्याय विभागाच्या सल्ल्यावरून एक सूचनापत्र काढले. घुसखोराला पकडण्यासाठी का होईना, पण त्याने दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणे हेच बेकायदा ठरू शकते. म्हणून आधी बॅनरवर तशी पूर्वसूचना द्यावी, असा त्याचा आशय होता. म्हणजे बॅनर जितका चोराला बजावतो, तितकाच तो पहारेकऱ्याची बाजूही सांभाळतो. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या कलम 43चा सारा भर ‘परवानगीशिवाय’ या शब्दावर आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा फसवणुकीच्या हेतूने केल्यास कलम 66नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बॅनर नसला म्हणून परवानगी मिळाली असे होत नाही. पण ‘मला ठाऊकच नव्हते’ ही सबब बॅनरमुळे लंगडी पडते. म्हणून तिथे ‘सुस्वागतम्’ नको. अधिकृत व्यक्तींनाच प्रवेश आहे, वापरावर देखरेख ठेवली जाते व त्याची नोंद होते, आणि पुढे जाणे म्हणजे याला संमती देणे, एवढे साध्या भाषेत लिहावे. संस्थेचे नाव, स्विचचे मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, व्यवस्थापकाचा फोन नंबर यांतले काहीही लिहू नये. पुणेरी पाटीसारखा टोमणा मारण्याचा मोहही आवरावा. न्यायालयात तो वाचून दाखवायची वेळ आली, तर आपलेच हसे होईल.

प्रत्यक्ष आज्ञा देताना घोटाळा होतो तो सीमाचिन्हाचा. मजकूर जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो, तिथे एकच चिन्ह द्यावे लागते, आणि मधल्या मजकुरात ते चिन्ह येऊन चालत नाही. सिस्कोच्या माहितीपुस्तिकेत या चिन्हाच्या जागी नमुना म्हणून ‘सी’ हे इंग्रजी अक्षर छापलेले असते. विद्यार्थी तेच अक्षर जसेच्या तसे टंकतात, पुढे ‘अनऑथराइज्ड ॲक्सेस’ लिहू लागतात, आणि ‘ॲक्सेस’मधला पहिला ‘सी’ येताच स्विच मजकूर तिथेच संपला असे धरतो. पडद्यावर ‘अनऑथराइज्ड’ आणि त्यापुढे एकटे ‘ए’ एवढेच उरते. मजकूर अनेक ओळींचा असेल, तर पुढच्या ओळी स्विच आज्ञा समजून वाचू लागतो आणि चुकांच्या सूचनांची रांग लागते. मजकुरात कधीही न येणारे चिन्ह निवडावे. हॅश (#) चालतो, पण तक्रार क्रमांकाआधी हॅश लिहिण्याची सवय असेल तर तोही नको. कॅटॅलिस्टच्या माहितीपुस्तिकेत मजकुराची मर्यादा 255 अक्षरे दिलेली आहे, तेव्हा वकिलाकडून आलेला दोन पानी मसुदा तिथे बसणार नाही.

हल्ली दुरून जोडणी बहुधा एसएसएच या सांकेतिक, सुरक्षित पद्धतीने होते आणि तिथे क्रम बदलतो. लॉगिन बॅनर एसएसएचच्या दुसऱ्या आवृत्तीत पासवर्डच्या आधी दिसतो, पहिल्या आवृत्तीत दिसतच नाही; एमओटीडी मात्र अनेकदा पासवर्ड दिल्यानंतर उमटतो. म्हणून कायदेशीर सूचना ‘बॅनर लॉगिन’मध्येच ठेवावी. ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर हीच विभागणी ‘मेसेज’ आणि ‘अनाउन्समेंट’ अशा नावांनी आहे. पहिला लॉगिनच्या आधी, दुसरा नंतर. मजकूर भरून झाल्यावर चालू असलेले सत्र तसेच ठेवून दुसऱ्या खिडकीतून एसएसएचने आणि शक्य असल्यास कन्सोलवरूनही आत यावे, दोन्हीकडे काय कोणत्या क्रमाने दिसते ते पाहावे, आणि त्यानंतरच ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही बदल कायमचे जतन करणारी आज्ञा द्यावी.