साबणाची मागची बाजू

(महाविद्यालयाच्या अभ्यासमंडळात एका विद्यार्थिनीने दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय ‘माध्यमं, राजकारण आणि सजग ग्राहक’. वेळ वीस मिनिटं. विषय मीच सुचवला होता. तिन्ही गोष्टी मुळात एकच आहेत, त्यामुळे वेळ पुरेल असा माझा हिशोब होता. बघू. साबणापासून सुरुवात करते.

गेल्या वर्षी मी एका कंपनीवर बहिष्कार टाकला. कोणत्या, ते सांगत नाही, उगाच त्यांची फुकट जाहिरात व्हायची. त्यांची एक जाहिरात होती, रंग उजळला की नोकरी लागते अशा थाटाची. मी तावातावाने फोनवर चार ओळी लिहिल्या. दीडशे जणांनी अंगठा दाखवला. मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ वेगळा होतो, पण तो मला पुढे कळायचा होता. दुसऱ्या दिवशी जाऊन नवा साबण आणला. हिरवं वेष्टन, त्यावर पान, पानावर दवबिंदू. आठवडाभर मी इतक्या नैतिक समाधानाने हात धुतले की आई म्हणाली, “अगं, साबण झिजतोय.”

मग एका रविवारी आजोबांचं भिंग घेऊन ते वेष्टन वाचायला बसले. पुढच्या बाजूला सहा शब्द. मागच्या बाजूला अख्खी कादंबरी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, आणि तीही अर्धी चिकटवलेल्या घडीत गेलेली. नखाने घडी सोडवली. घटक, बॅच क्रमांक, तक्रारीसाठी पत्ता आणि सगळ्यात खाली उत्पादकाचं नाव. तीच कंपनी! पुढच्या दारातून पाय आपटत बाहेर पडले होते, आणि मागच्या दाराने परत त्याच घरात.

आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, “मग त्यांना तुझा राग कळलाच नसेल. त्यांच्या वहीत तू एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेलीस, एवढंच.”

हसू नका, घरी जाऊन आपापली न्हाणीघरं तपासा.

तर बहिष्कार असा असतो का, म्हणून मी मूळ बॉयकॉट शोधायला गेले. हा माणूस होता. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली. याने बेदखलीच्या नोटिसा काढल्या. झालं! शेतमजूर कामावर येईनात, घरातले नोकर निघून गेले, धोबीण कपडे घेईना, दुकानदार माल देईना. मराठीत याला नेमका शब्द आहे, वाळीत टाकणं. आता तो शब्द ऐकून काही जणांच्या अंगावर काटा येईल आणि तो यायलाच हवा, कारण हे हत्यार बहुतेक वेळा बलवानाने दुबळ्यावर चालवलंय. तिथे ते उलट्या दिशेने चाललं.

पण नीट बघा. त्या सगळ्या गोष्टीत खरेदी कुणीच थांबवली नव्हती. दुकानदाराने विकणं थांबवलं, मजुराने राबणं थांबवलं. ज्या शब्दाच्या जोरावर आपण आज साबण बदलतो, त्या शब्दाच्या जन्माच्या वेळी गिऱ्हाईक जागेवरच नव्हतं! माणसं तिथे शेजारी होती, कामकरी होती, कुळं होती. बॉयकॉटने लंडनच्या ‘द टाइम्स’ला पत्र लिहून गाऱ्हाणं मांडलं, आणि त्याच पत्राने प्रकरण जगभर पोचलं. आयर्लंडच्याच उत्तरेकडच्या अल्स्टरमधून कापणीला पन्नासेक मजूर आणले गेले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर सैनिक-पोलीस. म्हणजे एका मजुरामागे वीस. कापणी झाली आणि नोव्हेंबरअखेर साहेबांनी मुक्काम हलवला. जेम्स रेडपाथ या पत्रकाराने लिहून ठेवलंय की ‘बॉयकॉट’ हा शब्द फादर ओमॅली यांनी त्याला सुचवला, कारण वाळीत टाकण्यासाठीचा ‘ऑस्ट्रसिझम’ हा जड इंग्रजी शब्द शेतकऱ्यांना कळला नसता. धर्मोपदेशकाला जे सुचलं ते आपल्या जाहिरातवाल्यांनाही…

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं’. अरे देवा, मुख्य मुद्दा तर आत्ता येत होता.

पटकन सांगते. माध्यमं. फुकट वाचायला मिळतं तिथे खरं गिऱ्हाईक जाहिरातदार असतो आणि माल म्हणजे आपलं लक्ष. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे जाते. फक्त एवढंच सांगते, की माझ्या त्या चार रागीट ओळींखाली कसली जाहिरात झळकत होती? साबणाची.

राजकारण. ‘खरेदी म्हणजे मतदान’ असं म्हणतात. मतपेटीपाशी माणशी एक मत असतं. गल्ल्यापाशी ज्याचं पाकीट जाड त्याची मतं जास्त. आणि ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्या रोजच्या जगण्यातून हवेत किती कार्बन जातो त्याचं माप, हा शब्द घरोघरी पोचवण्यात बीपी या तेलकंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात आहे. २००४ साली त्यांनी प्रत्येकाला आपापला ठसा मोजायचं गणकयंत्र दिलं. तेल उपसणार कंपनी आणि हिशोब ठेवायचा आपण.

मग सजग ग्राहकाने काय करायचं? अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं माँटगोमरी शहर. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही म्हणून अटक झाली. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापिकेने कॉलेजच्या मशीनवर ‘बसवर बहिष्कार टाका’ अशी हजारो पत्रकं छापली. मदतीला तिचे दोन विद्यार्थी. आपल्यासारखेच, कदाचित सबमिशन बुडवून आलेले. पुढे ३८१ दिवस लोक चालत गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. मागण्या लेखी होत्या, गाड्यांचं वेळापत्रक होतं आणि जोडीला कोर्टात खटला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जिंकला, तेव्हा लोक परत बसमध्ये चढले. माझ्या साबणाला यातलं काय होतं? मागणी नव्हती, सोबत कुणी नव्हतं, कंपनीला साधं पत्रही मी लिहिलं नव्हतं.

दुसरी चिठ्ठी. ‘बस’ एवढंच लिहिलंय. हे माँटगोमरीबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे.

कपड्यांच्या लेबलांचा मुद्दा राहिला. भिंग मी आणलंय, इथे टेबलावर ठेवते. सुट्टीत ज्याला आपल्या पिशवीतलं काही वाचायचं असेल त्याने घ्या. जाताना परत ठेवा, आजोबांना संध्याकाळी पेपर वाचायला लागतं.