शकू माकू?

[दृश्य: लंडन, एजवेअर रोड. दुपार. काचेच्या चिमुकल्या पेल्यात काळा चहा ओतला जातोय.]

इराकी माणूस इराकी माणसाला फोन करतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला. "शकू माकू?" म्हणजे, काय आहे, काय नाही? लंडनहून, स्टॉकहोमहून, डिट्रॉइटहून हा प्रश्न बगदादला जातो, बसऱ्याला जातो. उत्तरात बहुतेक वेळा 'माकू'च येतं. माकू कहरबा, वीज नाही. माकू माय, पाणी नाही.

[दृश्य: जुनं चित्रण. जांभळ्या शाईत बुडवलेलं बोट.]

हे बोट बघा. जानेवारी २००५. सद्दाम हुसेनची सत्ता जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. परदेशातल्या इराक्यांसाठी १४ देशांत मतदान ठेवलं होतं. एकदा नोंदणीला जायचं, पुन्हा मतदानाला. कुणाकुणाला त्यासाठी शेकडो किलोमीटर गाडी हाकावी लागली. तरी सुमारे २ लाख ६५ हजार जणांनी मत दिलं. आपल्या नखावर शाईची रेघ ओढतात. यांनी बोटच शाईत बुडवलं आणि बाहेर येऊन उंच धरलं.

निवडून आली शिया पक्षांची आघाडी. यादी क्रमांक १६९, निशाणी मेणबत्ती, पोस्टरवर नजफच्या आयातुल्ला सिस्तानींचा, शियांच्या बड्या धर्मगुरूंचा चेहरा. २७५ पैकी १४० जागा.

'हे लोक पुढे निराश करतील हे तेव्हाच कळायला हवं होतं' असं आज म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. या आघाडीतल्या दावा नावाच्या शिया धार्मिक पक्षानं किंमत मोजलेली होती. त्याचे वैचारिक गुरू मुहम्मद बाकिर अल-सद्र यांना १९८० साली सद्दामच्या राजवटीनं बहिणीसह ठार केलं. पक्षाचं सदस्य असणं हाच देहदंडाचा गुन्हा ठरला. जे वाचले ते तेहरान, दमास्कस, लंडन गाठून राहिले. इब्राहिम अल-जाफरी डॉक्टर, लंडनवासी. हैदर अल-अबादी मँचेस्टरचे पीएचडी, इंजिनियर. बीबीसीच्या बुश हाउसमधल्या लिफ्टची देखभाल त्यांच्या कंपनीकडे होती आणि त्यांचे दोन भाऊ सद्दामनं मारले होते. परदेशातल्या इराक्यांसाठी ही आपल्यातली, आपल्यासारखीच पोळलेली माणसं. असा माणूस खुर्चीवर बसला तर तो दुसऱ्याचं दुःख विसरणार नाही, असं कुणालाही वाटलं असतं.

२००५ ते २०१८ इराकचे पंतप्रधान झाले जाफरी, नूरी अल-मालिकी आणि अबादी. तिघंही दावाचे.

[दृश्य: बगदाद. काँक्रीटच्या उंच भिंती, पलीकडे ग्रीन झोन, सरकारी कचेऱ्यांचा बंदोबस्तातला भाग.]

मग एक शब्द रोजच्या बोलण्यात आला. मुहासासा. आपल्या मराठीतला 'हिस्सा' अरबीतूनच आलेला. हा शब्द त्याच घराण्यातला. हिस्सेवाटणी. पंतप्रधान शिया, अध्यक्ष कुर्द, सभापती सुन्नी, असा संकेत पडला. पण वाटणी तिथे थांबली नाही. मंत्रालयं वाटली गेली, त्यांच्याखालच्या नोकऱ्या आणि कंत्राटंही. २०१४ च्या जूनमध्ये मोसुल इस्लामिक स्टेटच्या हाती पडलं, आणि वर्षअखेरीस खुद्द अबादींनी संसदेला सांगितलं की ५० हजार सैनिक फक्त पगारपत्रकावर आहेत.

[दृश्य: तपासणी नाका. शिपायाच्या मुठीत एक दांडी, तिला पुढे अँटेना.]

या दांडीपाशी मात्र थांबायला हवं. नाव एडीई ६५१. बॉम्ब ओळखते म्हणून इराकनं कोट्यवधी पौंड देऊन विकत घेतली. आत बॅटरी नाही, काहीच नाही. विकणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्याला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयानं १० वर्षांची शिक्षा सुनावली. लंडनमधल्या इराक्यांनी ती बातमी इथल्या वर्तमानपत्रांत वाचली. पण बगदादच्या नाक्यांवर, त्यांच्या भावा-भाच्यांच्या गाड्यांभोवती, तीच दांडी आणखी तीन वर्षं फिरत राहिली. ३ जुलै २०१६, रमजान संपत आलेला. करादा भागात लोक ईदच्या खरेदीला रात्री बाहेर पडले होते. स्फोटकांनी भरलेली गाडी फुटली, दुकानं पेटली, ३०० हून अधिक माणसं गेली. दांड्या काढून टाकण्याचा हुकूम त्यानंतर निघाला.

[दृश्य: तहरीर चौक, बगदाद. गर्दीतून वाट काढणाऱ्या तीनचाकी रिक्षा.]

"बिस्मिद्दीन बागूना अल-हरामिया." धर्माच्या नावानं चोरांनी आम्हाला लुटलं. निदर्शकांची ही घोषणा नास्तिकांची नव्हे. करबलाच्या यात्रेला पायी जाणाऱ्यांच्या मुलांनीही ती दिली. स्वतः सिस्तानींच्या प्रतिनिधीनं २०१६ मध्ये शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे नमाजाच्या प्रवचनात, सांगून टाकलं की बोलून बोलून आमचा घसा बसला. बसऱ्यात २०१८ च्या उन्हाळ्यात नळाच्या पाण्यानं १ लाखाहून अधिक लोक रुग्णालयात गेले, तेव्हाही सत्ता धर्माचं नाव घेणाऱ्यांचीच होती.

ऑक्टोबर २०१९ मध्ये तरुण रस्त्यावर उतरले. जखमींना या रिक्षांनी उचललं. त्यातल्या कित्येक आपल्या ओळखीच्या, बजाजच्या. घोषणा दोनच शब्दांची: "नुरीद वतन." वतन हवंय. अरबीत वतन म्हणजे मायदेश. मराठीत वतन म्हणजे पिढीजात हक्काची जमीन, आणि पुढाऱ्यांनी त्या देशाचं आपल्या अर्थानं वतन करून टाकलं होतं. काही महिन्यांत सुमारे ६०० जण मारले गेले. पंतप्रधान आदिल अब्दुल महदींना जावं लागलं. तेही एके काळी फ्रान्समध्ये परागंदा होते.

लंडन-बर्लिनमधले इराकीही त्या वेळी झेंडे घेऊन निघाले. पण तहरीरमधली मुलं ज्यांच्यावर चिडली होती त्यात परदेशी पासपोर्ट बाळगणारे पुढारीही होते. मोठ्या पदावरच्या माणसानं दुसरं नागरिकत्व सोडावं, असं राज्यघटनेच्या १८ व्या कलमातच लिहिलंय. ते पाळलं गेलं नाही. बाहेर राहिलेल्यांना हे फार लागतं. पैसा गेला, सत्ता गेली, ते एक. पण हे लोक आपल्यातूनच तिकडे गेले होते.

[दृश्य: पुन्हा एजवेअर रोड. संध्याकाळ. रिकामा पेला, शेजारी फोन.]

१० ऑक्टोबर २०२१. पुन्हा संसदेची निवडणूक. अडचणी सांगून निवडणूक आयोगानं या वेळी परदेशात मतदान ठेवलंच नाही. इराकमधलेही निम्म्याहून अधिक नोंदलेले मतदार केंद्राकडे फिरकले नाहीत.

[दृश्य: नंबर दाबणारं म्हातारं बोट. घंटा वाजते. पलीकडे कुणीतरी उचलतं.]

"शकू माकू?"