रेल्वेच्या इतिहासाची परिषद आणि डभोईचे बैल

(दृश्य: प्रतापनगर, हेरिटेज पार्क, नॅरो गेजचं इंजिन)

बडोद्यात प्रतापनगरला आलात तर हे इंजिन बघाच. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. आपली मंडळी येतात, पोराला पुढे उभं करून फोटो काढतात आणि निघतात, पण जगात असेही लोक आहेत जे अशा रुळांवर दोन-दोन, तीन-तीन दिवस बसून वाद घालतात. खरंच, रेल्वेच्या इतिहासावर रीतसर परिषदा भरतात, आणि वाहतुकीच्या इतिहासकारांची टी-टू-एम नावाची आंतरराष्ट्रीय संघटनाच आहे, 2003 पासून.

(दृश्य: सभागृह, रिकाम्या खुर्च्या, प्रोजेक्टर)

अशा हॉलमध्ये साधारण दोन जातीचे लोक सापडतात. एक प्रोफेसर, ज्यांना रेल्वेमुळे देशाचं काय झालं त्यात रस. दुसरे रेल्वेवेडे, बरेचसे रिटायर्ड रेल्वेवाले, ज्यांना कुठलं इंजिन कुठल्या शेडमध्ये होतं ते तोंडपाठ. वक्त्याला वीसेक मिनिटं, मग अध्यक्ष चिठ्ठी सरकवतात की आवरा आता, आणि प्रश्नोत्तरांत हमखास कुणीतरी काका उठून म्हणतात, सर, तो फोटो चुकीच्या इंजिनाचा आहे. हसू येतं, पण काका बऱ्याचदा बरोबर असतात.

मोठा वाद मात्र जुनाच आहे. रेल्वेने भलं झालं की लूट? 1964 मध्ये रॉबर्ट फोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने हिशोब मांडला की रेल्वे नसती तरी अमेरिकेचं फार काही अडलं नसतं, कालवे होतेच की. लोक खवळले, पुढे 1993 मध्ये त्यालाच नोबेल मिळालं. आपल्याकडच्या रेल्वेवर डेव्ह डोनाल्डसन या अर्थतज्ज्ञाचा 2018 चा पेपर आहे, त्याची युक्ती भारी: मीठ ठराविक ठिकाणीच बनायचं, मग त्याच मिठाचा भाव दूरच्या जिल्ह्यात किती वाढतो ते बघा, वाहतुकीचा खर्च आपोआप कळतो. त्याच्या मते रेल्वे आली तिथे शेतीचं उत्पन्न वाढलं.

आता गंमत बघा. ब्रिटिशांच्या रेल्वे कंपन्यांना 5 टक्के परताव्याची हमी होती, तोटा झाला की भरपाई इथल्या करातून, आणि यावर बोट ठेवणारे दादाभाई नौरोजी 1874 मध्ये बडोद्याचे दिवाण होते. रेल्वेपेक्षा पाटबंधाऱ्यांवर खर्च करा असं सांगणारे रमेशचंद्र दत्तही बडोद्याचेच दिवाण, 1909 मध्ये इथेच वारले. म्हणजे रेल्वेचे दोन मोठे टीकाकार ज्या संस्थानात कारभार बघून गेले, त्या संस्थानाने स्वतःची रेल्वे आधीच टाकून ठेवली होती!

(दृश्य: डभोई स्टेशन)

1862, खंडेराव महाराजांचा काळ. डभोई ते मियागाम, सुमारे 32 किलोमीटर, देशातली पहिली नॅरो गेज, आणि ओढायला बैल. तेव्हा अमेरिकेत यादवी चालू, तिथला कापूस अडलेला, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव, आणि मियागामला बॉम्बे-बरोडा लाइन मिळायची. पुढच्या वर्षी इंजिनं आली खरी पण रूळ हलके, त्यांना इंजिनाचा भार पेलेना, म्हणून परत बैलच जुंपले, जड रूळ पडले ते 1870 च्या दशकात. नंतर सयाजीरावांनी जाळं इतकं वाढवलं की डभोई आशियातलं सगळ्यात मोठं नॅरो गेज जंक्शन म्हणून नावाजलं गेलं. आता तिथून ब्रॉड गेज केवडियाला जाते, 2021 पासून.

परिषदेत हे सगळं बऱ्याचदा तळटीपेत जातं, आणि मला ते खटकतं. कारण साधं आहे, अभ्यासक लंडनला जातात, इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याचे, कागद चाळतात, ते इंग्रजीत आहेत आणि नीट लावलेले आहेत. गायकवाडी दप्तर इथे बडोद्यात आहे, जुने कागद मोडीत, आणि मोडी वाचणारे किती उरलेत ते दांडिया बाजारात विचारा. बैलजोडीला भाडं काय मिळायचं, रूळ गेले त्या जमिनीचं काय झालं, गाडीवानांचा धंदा बसला की वाढला, यावर कुणी पेपर वाचला तर मी पहिल्या रांगेत बसेन.

बरं, जागेचीही अडचण नाही. लालबागेत प्रताप विलास राजवाड्यात 1952 पासून रेल्वेचं स्टाफ कॉलेज आहे, त्याच आवारात 2018 मध्ये रेल्वे विद्यापीठ सुरू झालं, आता त्याला गतिशक्ती विश्वविद्यालय म्हणतात. तिथे एक परिषद फक्त संस्थानी रेल्वेवर ठेवा, ग्वाल्हेरवाल्यांनाही बोलवा, त्यांची तर दोन फुटांची लाइन होती. एक दिवस मोडी वाचणाऱ्यांसाठी राखा, काकांना माइक द्या, आणि दुपारच्या जेवणाला बुफे नको, शेव उसळ ठेवा.