बिल्ल्याआधी हब बघा

मंडळी, टेबलावरचा हा हब एकेकाने हातात घ्या आणि पुढे द्या. मुलांच्या हातात दिलात तरी चालेल, त्याला काही होत नाही. मागच्या चाकाचा हब आहे हा, म्हणजे चाकाच्या मधोमधचा, तारा जिथून निघतात तो भाग. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी एक्लिप्स नावाचा कारखाना होता, तिथे तो झाला. नाव 'मॉरो'. मधल्या नळीवरून अंगठा फिरवा. एक अक्षर आणि एक आकडा बोटाला लागेल. अक्षर वर्षाचं, आकडा त्या वर्षातल्या तिमाहीचा. जुनी अमेरिकन सायकल ओळखायला मी शिकलो तो या दोन खुणांपासून.

झालं असं की पंधरा वर्षांपूर्वी इथे ओहायोतल्या डेटनमध्येच, एका घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे गराजच्या कोपऱ्यात एक सायकल उलटी टांगलेली दिसली. विकणाऱ्या आजी म्हणाल्या, माझ्या भावाची, दुसऱ्या महायुद्धाआधीची. पुढच्या नळीवर बिल्ला होता बी. एफ. गुडरिचचा. मला हे नाव टायरवर वाचून माहीत होतं. टायरवाली कंपनी सायकली कधीपासून करायला लागली? घरी आणून सायकल धुतली, मागचं चाक काढलं, हबवरचं ग्रीस रॉकेलने पुसलं आणि असंच एक अक्षर वर आलं. आजींचं म्हणणं अगदी बरोबर होतं, हब युद्धाआधीचाच होता. चुकीचा होता तो बिल्ला. खरं तर चुकीचा नव्हे, तो विकणाऱ्याचा होता. सायकल बनवली होती शिकागोच्या श्विनने. गुडरिचच्या टायरच्या दुकानांत ती गुडरिचच्या नावाने विकली जायची, एवढंच.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचा घोळ आपोआप सुटत जातो. सिअर्सच्या कॅटलॉगमधली सायकल 'एल्गिन', माँटगमरी वॉर्डची 'हॉथॉर्न', वेस्टर्न ऑटोची 'वेस्टर्न फ्लायर'. यांतल्या एकाही दुकानाचा स्वतःचा सायकलचा कारखाना नव्हता. माल यायचा मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डहून, शिकागोहून, आपल्या ओहायोतून. एकच कारखाना चार दुकानांसाठी चार बिल्ले ठोकायचा. त्यामुळे कोणी फोटो पाठवून "ही एल्गिन कुठल्या साली आली?" असं विचारलं की मी बिल्ल्याचा फोटो बाजूला ठेवतो आणि सायकल उलटी करून पायडलच्या कण्याखालचा फोटो मागतो. नंबर तिथे ठोकलेला असतो.

पण नंबरही सगळं सांगत नाही. श्विनच्या जुन्या नोंदी १९४८ सालच्या आगीत जळून गेल्या. त्याआधीच्या श्विनचा नंबर तुमच्याकडे असला तरी तो ज्या वहीशी ताडून बघायचा ती वहीच राहिलेली नाही. अशा वेळी हब कामी येतो. फक्त एक गोष्ट बघायची, चाक मूळचं आहे की बदललेलं. पुढचा आणि मागचा रिम एकाच जातीचा आहे का, दोन्हींवरचा गंज सारखा चढलाय का, तारा मधूनच नव्या आहेत का. हब फ्रेमपेक्षा काही महिने जुना निघाला तर घाबरायचं कारण नाही, कारखान्यात माल आधी येऊन पडलेला असायचा. हब दहा वर्षांनी नवा निघाला, तर कोणीतरी मधे हात घातलाय.

आपल्यापैकी बहुतेकांनी सायकल शिकली ती रॅले, हर्क्युलिस नाहीतर ॲटलासवर. दांडीच्या खालून पाय घालून अर्धं पायडल मारत. ती सगळी घराणी इंग्लिश वळणाची. अठ्ठावीस इंची चाक, रॉडचे ब्रेक, क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, कण्यावर बसवायला कॉटर पिन, म्हणजे लोखंडी पाचर. अमेरिकन सायकल समोर आली की आपला हात पहिल्यांदा ब्रेक शोधतो, आणि ब्रेक हँडलवर नसतोच, तो मागच्या हबच्या आत असतो. दोन्ही क्रँक आणि मधला कणा मिळून एकच वाकवलेला लोखंडी गज असतो, कॉटर पिन नाही, काही नाही. डाव्या बाजूचा 'कोन', म्हणजे बेअरिंग धरून ठेवणारा नट, सोडवला की तो अख्खा गज वाकडातिकडा फिरवत नळीतून बाहेर येतो. पायडलचा आटा अर्ध्या इंचाचा. आपल्याकडच्या तीन तुकड्यांच्या क्रँकवरचा आटा असतो नऊ सोळांश इंचाचा. भारतातून आणलेलं पायडल इथे का बसत नाही, असं दोघा-तिघांनी मला विचारलंय. ते बसणारच नाही.

हा फरक का पडला, ते समजून घेण्यासारखं आहे. १८९० च्या दशकात इथेही सायकल मोठ्या माणसांचीच होती. बॉस्टनच्या अल्बर्ट पोपने १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात इंग्लिश उंच चाकाच्या सायकली पाहिल्या आणि दोन वर्षांत हार्टफर्डच्या वीड शिलाई मशीनच्या कारखान्यात 'कोलंबिया' तयार करून घ्यायला सुरुवात केली. शिलाई मशीन आणि सायकल, दोन्हींना लहान, नेमके, एकसारखे पोलादी भाग लागतात, म्हणून हे जमलं. आपल्या डेटनमध्येही तसंच झालं. इथल्या डेव्हिस शिलाई मशीन कंपनीने सायकली केल्या आणि त्याच मुळातून पुढे हफमन, म्हणजे तुमच्या-माझ्या मुलांनी चालवलेली हफी, उगवली. राइट बंधूंनी १८९२ मध्ये इथे सायकलचं दुकान काढलं आणि १८९६ पासून 'व्हॅन क्लीव्ह' आणि 'सेंट क्लेअर' या स्वतःच्या नावांनी सायकली बनवल्या. १९०३ च्या विमानाचे पंखे फिरवायला त्यांनी चेन आणि दातेरी चाकंच वापरली. साउथ विल्यम्स रस्त्यावरचं त्यांचं एक दुकान अजून जागेवर उभं आहे. मुलांना नेलं नसेल तर या उन्हाळ्यात न्या.

पोपच्या त्या उंच चाकाच्या कोलंबियावर बसून थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि जगाला फेरी घालता घालता १८८६ मध्ये हिंदुस्थानातून गेला, लाहोरहून ग्रँड ट्रंक रस्त्याने कलकत्त्याला. पुढचं चाक पन्नास इंची, टायर भरीव रबराचा. ग्रँड ट्रंक रस्त्यावरच्या गावकऱ्यांना तो कसा दिसला असेल, हा विचार मी अनेकदा करतो.

मग मोटारी आल्या आणि मोठी माणसं सायकलवरून उतरली. सायकल उरली मुलांची. १९३३ मध्ये, मंदी ऐन भरात असताना, फ्रँक श्विनने २६ × २.१२५ मापाचा जाड टायर आणला, आत वेगळी ट्यूब असलेला. त्याआधीचे टायर म्हणजे एकच गोल नळी, लाकडी रिमला डिंकाने चिकटवलेली, पंक्चर झालं की जीव नकोसा व्हायचा. जाड टायरवर पोरं फुटपाथच्या कडेवरून उड्या मारायला लागली. वरच्या दोन नळ्यांमध्ये मोटरसायकलसारखी पत्र्याची टाकी आली. तिच्यात पेट्रोल नाही, हॉर्नचे सेल. त्या टाकीवरचा रंग, कडेने हाताने ओढलेली बारीक रेघ, ही त्या वेळच्या दहा वर्षांच्या पोराची मोटरसायकल होती. मला या सायकलींचा लळा लागला तो याच्यामुळे.

आणि त्याच रेघेशी मी एकदा फार वाईट वागलो. सुरुवातीच्या वर्षात एक तीसच्या दशकातली एल्गिन मिळाली. गंजलेली, मळलेली. मी ती वाळू मारून साफ करायला दिली आणि झगझगीत लाल रंग लावून घेतला. परत आणली तेव्हा छान दिसत होती. नंतर एका जुन्या जाणत्या माणसाने मडगार्डच्या आतली बाजू दाखवली, तिथे एवढीशी मूळ रंगाची पट्टी वाचली होती. गडद किरमिजी, त्यावर फिकट पिवळी रेघ, कुंचल्याने ओढलेली. ऐंशी वर्षं ती रेघ टिकली होती, माझ्या एका दुपारीत गेली. तेव्हापासून मी कुठल्याही सायकलवरचा मूळ रंग काढलेला नाही. आधी साबणाचं पाणी. मग ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात विरघळवून त्यात भाग बुडवायचे, हातमोजे घालून, उघड्या हवेत. गंज विरघळतो, रंग बहुतेक वेळा खालून जसाच्या तसा वर येतो. तरी आधी एखाद्या कोपऱ्यात करून बघायचं, काही लाल रंगांना ते ॲसिड सोसत नाही. क्रोमवरचा गंज चांदीच्या कागदाचा बोळा पाण्यात भिजवून घासला तरी निघतो.

टायर घेताना एक सापळा आहे, तो सांगून ठेवतो. पन्नासच्या दशकातल्या श्विनवर, उदाहरणार्थ कॉर्व्हेट मॉडेलवर, २६ × १ ३/४ असं माप लिहिलेलं असतं. दुकानात २६ × १.७५ मिळतो. गणितात दोन्ही एकच. मी अख्खी संध्याकाळ तो टायर चढवायचा प्रयत्न केला. अपूर्णांकाचा टायर आणि दशांशाचा टायर वेगवेगळ्या व्यासाच्या रिमसाठी असतात. श्विनचा तो रिम बारा मिलिमीटरने मोठा आहे. त्याला अपूर्णांकवालाच टायर लागतो, आणि तो मिळतो.

आता चालवण्याबद्दल. या सायकली भिंतीवर टांगणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत, त्यांचं प्रेम मला कळतं. पण चालवल्याशिवाय सायकल पुरती ओळखता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावच्या पोरांनी हे दाखवून दिलंय. सत्तरच्या दशकात त्यांनी शिकागोच्या या तीस-चाळीस सालच्या श्विन एक्सेलसिअर भंगारातून आणल्या, टाक्या आणि मडगार्ड काढून फेकले आणि डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून खाली सोडल्या. दोन मैलांत तेराशे फूट उतार. ब्रेक एकच, हा तुमच्या हातातला कोस्टर ब्रेक. मागे पायडल दाबलं की आतला भाग फाकून नळीच्या आतल्या भिंतीला घासतो. दोन मैल घासत राहिला की हब तापतो, ग्रीस वितळून धूर निघतो. खाली पोचल्यावर हब उघडून ग्रीस पुन्हा भरायला लागायचं, म्हणून त्या उतरणीचं नावच 'रीपॅक' पडलं. तिथली पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली. पुढच्या वर्षी जो ब्रीझने त्या जुन्या श्विनचा घाट डोळ्यांसमोर ठेवून नवीन, मजबूत फ्रेम बांधल्या, आणि माउंटन बाइक तिथून सुरू झाली. किती जुन्या एक्सेलसिअर त्या उतारावर मोडल्या असतील, याचं मला वाईट वाटतं. तरी त्या टांगून ठेवल्या असत्या तर ती चाळीस वर्षं जुनी फ्रेम एवढं सोसते, हे कोणाला कळलंच नसतं.

मला तसा उतार लागत नाही, ग्रेट मायामी नदीकाठची सपाट वाट आहे. रविवारी सकाळी गुडरिच काढतो. टायरमध्ये हवा कमीच ठेवतो, मग रस्त्यातले सांधे अंगाला लागत नाहीत. वजन आहे, चढावर दम लागतो. पण एकदा वेग घेतला की पाय थांबवले तरी ती पुढे जात राहते, आणि हबमधून आवाज येत नाही, कारण यात आपल्या फ्रीव्हीलसारखी टिकटिक नाही.

तीच सायकल आज बाहेर पार्किंगमध्ये उभी केली आहे. ज्यांना चालवायची आहे त्यांनी जरूर चालवा. बसण्याआधी पायडल जागेवर उभ्या उभ्या मागे दाबून ब्रेक कुठे लागतो ते एकदा पाहून घ्या, कारण हँडलवर दाबायला काही मिळणार नाही. मुलांना मी स्वतः धरून नेईन. आणि हब माझ्याकडे परत द्यायला विसरू नका, तो दुसऱ्या एका सायकलचा आहे, तिचं चाक घरी उघडं पडलंय.